गॅरेजमध्ये सापडलेले मोटार-रेडिओचे भाग: आधी बॅटरी ओळखा, कंपनी नंतर

निपाणीजवळ पुणे–बेंगळुरू रस्त्यालगत आपल्या आजोबांचे गॅरेज होते. ते पाडताना माळ्यावर दोन लाकडी खोकी सापडली आणि त्यांत जुन्या मोटार-रेडिओचे भाग निघाले, असे आपण लिहिले आहे. सोबतच्या फोटोंत गंजलेला पत्र्याचा डबा, चार पायांचे एक नळकांडे, पाच काचेचे आणि एक धातूचा व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टर येण्याआधी रेडिओत त्याचे काम करणारी नळी), डायलच्या दोन काचा, आवाजाचा कंट्रोल, पंख असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर बसवलेला ट्रान्झिस्टर, दोन लांब केबली आणि शंकूच्या आकाराच्या दोन स्प्रिंगा दिसतात. हा रेडिओ कोणत्या कंपनीचा, कोणत्या गाडीचा, आणि १२ व्होल्टची बॅटरी जोडून तो वाजतो का हे पाहावे का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देतो, कारण उशीर झाला तर नुकसान होईल. बॅटरी जोडू नका. चार्जर, इन्व्हर्टरची बॅटरी, मोबाईलचा अ‍ॅडॉप्टर, यांपैकी काहीही जोडू नका.

आता पहिल्या दोन प्रश्नांविषयी. हे सगळे एकाच रेडिओचे भाग आहेत असे आपण धरून चालला आहात, आणि खरी अडचण तिथेच आहे. फोटो नीट पाहिल्यावर माझी खात्री झाली आहे की यात किमान दोन रेडिओ आहेत, कदाचित तिसऱ्याचेही काही अवशेष असतील. गॅरेजमध्ये असे होणारच. गाडी दुरुस्तीला येते, रेडिओ नादुरुस्त म्हणून काढून ठेवला जातो, पुढच्या गाडीचाही त्याच खोक्यात पडतो आणि तीस-चाळीस वर्षांनी ते सगळे एकाच घरचे वाटू लागते. म्हणून कंपनीचे नाव शोधण्याआधी कोणता भाग कोणत्या भागासोबतचा हे ठरवावे लागेल, आणि ते ठरवण्याचा मला सापडलेला सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे हा रेडिओ वीज कशी घेत होता ते पाहणे. नावाची पट्टी गळून पडते, डबा रंगवला जातो, नॉब बदलले जातात. पण सहा व्होल्टचा रेडिओ बारा व्होल्टचा करायचा तर त्याचे पोटच बदलावे लागते, आणि ते काम सहसा कोणी करत नाही.

बेळगावात छत्तीस वर्षे रेडिओ दुरुस्त करताना जे हाताखालून गेले त्यावरून मी हे लिहितो आहे. फोटोवरून जे नक्की सांगता येते ते नक्की म्हणून सांगेन. जे आपण हातात घेऊन पाहिल्यावरच ठरेल, ते कसे पाहायचे तेवढे सांगेन.

सुरुवात त्या चार पायांच्या नळकांड्यापासून करू. आपण त्याला कंडेन्सर (वीज साठवून ठेवणारा भाग) म्हटले आहे, आणि ही चूक जवळजवळ सगळेच करतात. त्या काळच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या डब्याला खाली चपट्या पाकळ्या असतात, त्या चॅसीत, म्हणजे रेडिओच्या पत्र्याच्या सांगाड्यात घालून पिळतात आणि त्यांवर सोल्डर करतात. आपल्या नळकांड्याला मात्र व्हॉल्व्हसारखे गोल पाय आहेत, म्हणजे ते सॉकेटमधून उपसून काढता येते. हा वायब्रेटर आहे. व्हॉल्व्हच्या रेडिओला दोनशे-अडीचशे व्होल्ट लागतात आणि गाडीची बॅटरी देते सहा किंवा बारा. बॅटरीचा प्रवाह एका दिशेचा असल्यामुळे तो सरळ ट्रान्सफॉर्मरला देऊन उपयोग नसतो. म्हणून या डब्यात एक लवचीक पोलादी पात दर सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरत राहते, प्रवाह तोडते आणि जोडते, आणि त्या तुटक प्रवाहावर ट्रान्सफॉर्मर व्होल्ट चढवून देतो. जुन्या गाडीत रेडिओ लावताच आधी बारीक गुणगुण ऐकू यायची आणि गाणे काही सेकंदांनी सुरू व्हायचे, ती गुणगुण याच पातीची.

आपला वायब्रेटर चार पायांचा आहे, त्यावरून बहुधा तो साधा, म्हणजे फक्त प्रवाह तोडणारा असावा. याचा दुसरा प्रकार स्वतःच्याच जादा स्पर्शांनी वर चढवलेली वीज पुन्हा एका दिशेची करतो, आणि त्याला सहसा पाच किंवा सहा पाय असतात. साध्या वायब्रेटरला हे काम करायला वेगळा रेक्टिफायर व्हॉल्व्ह लागतो. तोही आपल्या खोक्यात आहे: धातूच्या कवचाचा तो छोटा व्हॉल्व्ह, ज्यावर ‘ओझेड ४’ असे अस्पष्ट दिसते. त्यातले पहिले चिन्ह ‘ओ’ नसून शून्य आहे, पण बाजारात सगळे त्याला ओझेडच म्हणतात. आपल्याकडच्या इलेक्ट्रिशियनने मीटर लावून तो ‘फ्यूज’ असल्याचे सांगितले, असे आपण लिहिले आहे. कृपया तो टाकून देऊ नका. इतर व्हॉल्व्हांत तापणारी तार असते आणि मीटरवर ती जोडलेली दाखवते. ओझेडमध्ये तापणारी तारच नसते, त्यात वायू भरलेला असतो आणि पुरेसे व्होल्ट मिळाले की तो थंडपणीच काम सुरू करतो. त्यामुळे मीटर तिथे काहीच दाखवणार नाही. या एका गैरसमजापायी किती चांगले ओझेड भंगारात गेले असतील याचे मला फार वाईट वाटते.

तार नसल्यामुळे दुसरीही एक गोष्ट होते. ओझेड सहा व्होल्टच्या गाडीतही चालतो आणि बारा व्होल्टच्याही. म्हणून तो सापडला यावरून बॅटरी किती व्होल्टची होती हे कळत नाही. ते वायब्रेटरच्या कवचावरील किंवा बुडावरील ठशावरून कळेल, आणि ठसा गंजला असेल तर फ्यूजवरून. डब्यातून निघणाऱ्या जाड तारेवर बोटाएवढी एक नळी दिसते, ती दाबून फिरवली की उघडते. आत काचेचा फ्यूज असेल तर त्याच्या टोपीवरचा आकडा भिंगातून वाचा. अमेरिकन पद्धतीच्या ‘एसएफई’ फ्यूजांची लांबी त्यांच्या अँपिअरनुसार वेगवेगळी ठेवलेली असते, त्यामुळे चुकीचा फ्यूज त्या नळीत सहजासहजी बसत नाही आणि मूळचाच टिकून राहण्याची शक्यता बरी असते. तिथे १४ आकडा असेल तर रेडिओ जवळजवळ नक्की सहा व्होल्टचा समजा. साडेसातच्या आसपास असेल तर बारा व्होल्टचा. कारण सरळ आहे. तेवढेच काम निम्म्या व्होल्टांवर करायचे तर प्रवाह दुप्पट लागतो.

आता डायल. पहिल्या काचेवर ५५, ६०, ७० असे करत १६० पर्यंत आकडे आहेत, म्हणजे किलोसायकलमधले (आजच्या भाषेत किलोहर्ट्झमधले) शेवटचे शून्य गाळले आहे. ही अमेरिकन गाड्यांतली पद्धत. त्याच काचेवर ६४ आणि १२४ या जागी दोन बारीक त्रिकोण आहेत, ते आपण ‘छपाईचे डाग’ असावेत असे म्हटले आहे. ते डाग नाहीत. शीतयुद्धाच्या काळात हल्ल्याची वेळ आली तर नागरिकांनी रेडिओचा काटा कोणत्या जागी लावावा, हे दाखवण्यासाठी अमेरिकेत ६४० आणि १२४० किलोसायकलवर ही खूण छापत असत. ती साधारण १९५३ ते १९६३ या काळातल्याच रेडिओंवर सापडते. एवढ्या एका काचेने दहा वर्षांची मुदत हातात दिली.

ती मुदत आणखी आवळता येते. आवाजाच्या कंट्रोलच्या पाठीवर १३७४४५ असा आकडा आहे. अमेरिकन सुट्या भागांवर पहिले तीन आकडे कारखान्याचे असतात, आणि १३७ हा सीटीएस या कंट्रोल बनवणाऱ्या कारखान्याचा आहे. पुढचा ४ म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा आणि ४५ म्हणजे आठवडा. वर्ष १९४४ किंवा १९५४ असू शकते. पण १९४४ मध्ये महायुद्धामुळे अमेरिकेत नागरी रेडिओ बनतच नव्हते, आणि त्रिकोणांची खूणही तेव्हा नव्हती. म्हणून हा कंट्रोल नोव्हेंबर १९५४ चा, आणि तो मूळचा असेल तर रेडिओ १९५५ सालच्या मॉडेलचा. स्पीकर सापडला तर त्याच्या चौकटीवरही असाच आकडा असेल. २२० म्हणजे जेन्सन, २८५ म्हणजे रोला. दोन्ही तारखा काही आठवड्यांच्या अंतरात आल्या तर कंट्रोल नंतर बदललेला नाही असे धरायला हरकत नाही.

मात्र हे वर्ष नेमके अडचणीचे आहे. शेव्हरोलेने १९५५ मध्ये बारा व्होल्ट घेतले, तर फोर्ड, प्लिमथ आणि डॉज १९५६ मध्ये बारावर गेल्या. शिवाय १९५५ पर्यंत प्लिमथ-डॉजमध्ये आणि फोर्डमध्येही बॅटरीचे धन टोक बॉडीला अर्थ केलेले असे, आज असते त्याच्या बरोबर उलट. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनी डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडत असे, आणि बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात माझ्याकडे आलेल्या अमेरिकन गाड्यांत याच घराण्यातल्या अधिक होत्या. म्हणून सहा व्होल्ट आणि धन अर्थ ही शक्यता मी पहिली तपासेन. हा अंदाज आहे, निर्णय फ्यूजने आणि वायब्रेटरच्या ठशाने करायचा. डब्याच्या बुडावर तीन तुकड्यांचा क्रमांक असेल आणि त्यात मध्ये १८८०५ दिसले तर मात्र गाडी फोर्ड, कारण फोर्डच्या भागांच्या यादीत रेडिओचा मूळ आकडा तोच आहे.

दुसरा रेडिओ पूर्ण वेगळ्या जातीचा आहे. काचेच्या व्हॉल्व्हांपैकी एकावर ‘ईसीएच ८३’ वाचता येते. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर तारेची वीज सांगते, ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट; ‘सी’ म्हणजे ट्रायोड (व्हॉल्व्हचा सर्वांत साधा, तीन टोकांचा भाग), ‘एच’ म्हणजे सिग्नल मिसळणारा भाग, आणि ८ म्हणजे नऊ पायांचा काचेचा तळ. हा व्हॉल्व्ह खास गाडीसाठीच काढला होता, कारण त्याला दोनशे व्होल्ट लागतच नाहीत. बारा व्होल्टच्या बॅटरीवर तो सरळ चालतो. असे व्हॉल्व्ह आणि स्पीकर हलवायला एक शक्तिशाली ट्रान्झिस्टर अशी मिश्र रचना १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि पूर्ण ट्रान्झिस्टरचे रेडिओ आल्यावर थोड्याच वर्षांत मागे पडली. पंखांच्या तुकड्यावरचा आपला ट्रान्झिस्टर याच जोडीतला आहे. या रेडिओला वायब्रेटर नव्हता, ओझेड नव्हता, आणि त्याचे त्रिकोणांच्या काचेशी काहीही नाते नाही.

त्याची काच दुसरी आहे, जिच्यावर ‘ओएम’ आणि ‘ओसी’ अशी अक्षरे पाहून आपण कोड्यात पडलात. पोर्तुगीजमध्ये मध्यम लहरींना ‘ओंदाश मेदियाश’ आणि लघुलहरींना ‘ओंदाश कुर्ताश’ म्हणतात, त्यांची ही आद्याक्षरे. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगिजांकडे होता आणि तिथे युरोपातल्या गाड्या येत असत. पुढे त्यांतल्या काही घाट चढून बेळगाव, खानापूर, निपाणीपर्यंत विकल्या गेल्या. अशा गाडीतून काढलेले जर्मन रेडिओ मी तीन-चार वेळा दुरुस्त केले आहेत. फ्रेंचमध्येही हीच आद्याक्षरे बसतात, तेव्हा काचेच्या कडेला आणखी एखादा शब्द उरला असेल तर तोही वाचून पाठवा. नुसत्या काचेवरून कंपनी सांगण्याचे धाडस मी करणार नाही.

म्हणजे आत्तापर्यंत दोन ढीग झाले. एका ढिगात वायब्रेटर, ओझेड, त्रिकोणांची काच, आवाजाचा कंट्रोल आणि फ्यूजची तार. दुसऱ्यात ईसीएच ८३, पंखांचा ट्रान्झिस्टर आणि ‘ओएम’ची काच. उरलेले चार व्हॉल्व्ह कोणत्या ढिगात घालायचे ते त्यांच्या अक्षरांवरून ठरेल. अक्षरे पुसट असतील तर बोटाने किंवा कापडाने अजिबात चोळू नका, ती छपाई पावडरीसारखी निघून येते. व्हॉल्व्ह तासभर फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर काढून हलकेच तोंडाची वाफ सोडा आणि बाजूने टॉर्च धरा. छपाईच्या जागी वाफ वेगळी बसते आणि अक्षरे क्षणभर उठतात. तेवढ्यात फोटो घ्या.

त्या दोन केबली कदाचित तिसऱ्या, अधिक जुन्या रेडिओच्या असतील. १९३० आणि ४० च्या दशकांत रेडिओचा मुख्य डबा इंजिनामागच्या पत्र्याला लावत आणि नॉब स्टिअरिंगजवळ एका छोट्या डबीत असत. डबीपासून डब्यापर्यंत दोन फिरत्या केबली जात, एक स्टेशन लावायला आणि एक आवाजाला. स्पीडोमीटरच्या केबलीला एका टोकाला गिअरबॉक्सवर आवळायची मोठी चाकी असते. आपल्या केबली बारीक आणि एकसारख्या जोडीने आहेत, म्हणून मला रेडिओचा संशय येतो. शंकूच्या स्प्रिंगा मात्र निश्चित ओळखता येतात. त्या पुढच्या चाकांच्या ग्रीसच्या टोपीत बसवतात, म्हणजे फिरत्या चाकावर साठलेली स्थिर वीज आसाकडे जाते आणि रेडिओत खरखर येत नाही. अनेक फिटर ‘ही कशाची स्प्रिंग’ म्हणून त्या फेकून देतात. आपल्या आजोबांनी त्या जपून ठेवल्या, यावरून रेडिओ बसवण्याचे काम त्यांना चांगले माहीत होते असे मला वाटते.

म्हणूनच माझी विनंती आहे की गॅरेजच्या जुन्या वह्या आणि पावत्या रद्दीत देऊ नका. गाडी नंबरासमोर ‘रेडिओ काढून ठेवला’ एवढीच एक ओळ मिळाली तरी पुष्कळ. आपला बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे त्याआधीचे नंबर ‘बी वाय’सारख्या मुंबईच्या अक्षरांनी आणि नंतरचे म्हैसूर राज्याच्या ‘एम वाय’ने सुरू होतात, नोंदीची तारीख फाटली असली तरी त्यावरून काळ लागतो. कागदांत पोस्टाच्या रेडिओ परवान्याची पुस्तिका मिळाली तर तीही पाहा. १९८० च्या दशकापर्यंत रेडिओला परवाना लागत असे, गाडीतल्यालाही.

स्वच्छतेविषयी मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण माझ्या हातून झालेले नुकसान मी विसरलेलो नाही. शिकाऊ होतो तेव्हा शहापूरच्या एका वृद्ध गृहस्थांनी आपल्या वडिलांच्या गाडीतला रेडिओ विश्वासाने माझ्याकडे दिला. मी डायलची काच साबणाच्या कोमट पाण्यात बुडवली. दोन मिनिटांत पाण्यावर सोनेरी चुरा तरंगू लागला आणि काच बाहेर काढली तेव्हा ती खिडकीच्या काचेसारखी कोरी होती. त्या काचांवरचे आकडे मागच्या बाजूने छापलेले असतात आणि जुनी शाई नुसत्या पाण्यातही टिकत नाही. ते गृहस्थ रागावले नाहीत, कोरी काच हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. तेव्हापासून मी काचेची पुढची बाजू ओलसर कापसाने आणि मागची फक्त कोरड्या मऊ ब्रशने झाडतो, तीही आकड्यांना न लागता. डब्यावरचा गंज घासू नका, कागदी लेबल त्याखालीच असते. उंदरांच्या लेंड्या असतील तर तोंडाला कापड बांधा. भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात पिशवीच्या आत पाणी सुटते. वर्तमानपत्रात गुंडाळून, प्रत्येक पुडक्यावर चिठ्ठी लावून, पत्र्याच्या पेटीत ठेवणे बरे.

पुढे कधी हे रेडिओ वाजवायचे झाले तर वाट लांब आहे, पण बंद नाही. अमेरिकन रेडिओत ट्रान्सफॉर्मरच्या चढवलेल्या व्होल्टांच्या बाजूला एक छोटा बफर कंडेन्सर असतो. वायब्रेटरच्या उघडझापीतले झटके तो सोसतो, आणि सत्तर वर्षांनंतर तो बहुतेक वेळा शॉर्ट झालेला असतो. तो न बदलता बॅटरी लावली तर आधी वायब्रेटरचे स्पर्श चिकटतात, मग ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि असा ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळत नाही. बदलताना मूल्य तेच ठेवावे आणि सोळाशे व्होल्ट किंवा त्याहून अधिक सोसणारा घ्यावा. साध्या वायब्रेटरला बॅटरीची दिशा उलटसुलट चालते, पण व्होल्ट चुकलेले चालत नाहीत. युरोपीय रेडिओतल्या ट्रान्झिस्टरचे नेमके उलट आहे: दिशा चुकली की तो क्षणात जातो, आणि स्पीकर न जोडता चालू केला तरी धोका असतो. बुडाच्या पत्र्याआडचे दोनशे व्होल्ट बॅटरी काढल्यावरही कंडेन्सरमध्ये काही वेळ राहतात, म्हणून हे काम जाणकाराच्या हातीच द्यावे. त्या जाणकारालाही एक सांगा की कॉईलच्या कोरना (आतल्या फिरवता येणाऱ्या गाभ्यांना) लगेच स्क्रूड्रायव्हर लावू नये. घरच्या रेडिओच्या सवयीने तो आतली आयएफ (कुठलेही स्टेशन लावले तरी रेडिओ ते ज्या एका ठरावीक लहरीवर आणतो ती) ४५५ किलोसायकलवर जुळवायला जाईल, आणि अमेरिकन मोटार-रेडिओ बहुधा २६२.५ वर जुळवलेले असतात. मी स्वतः चाचणीला धारवाड केंद्र घेतो. ते ७६५ किलोहर्ट्झवर आहे, म्हणजे आपल्या त्रिकोणांच्या काचेवर काटा ८० च्या किंचित अलीकडे यायला हवा.

किमतीविषयी आपण ओझरते विचारले आहे. गाड्या जुन्या रूपात उभ्या करणाऱ्यांना आतल्या व्हॉल्व्हांपेक्षा काच, नॉब आणि पुढची चौकट यांचीच गरज अधिक असते, कारण आतले भाग अजून मिळतात आणि बाहेरचे मिळत नाहीत. म्हणून कोणी येऊन फक्त काचा मागितल्या तर घाईने देऊ नका. काच गेली की उरलेल्या डब्याची ओळखही गेली.

मला आणखी चार फोटो लागतील: फ्यूजच्या टोपीचा, वायब्रेटरच्या बुडाचा, डब्याच्या खालच्या बाजूचा, आणि उरलेल्या चार व्हॉल्व्हांचा वाफ सोडून घेतलेला. प्रत्येक वस्तूशेजारी एक पट्टी ठेवा, म्हणजे माप कळेल. ते आले की पहिल्या ढिगाची गाडी ठरवता येईल असे मला वाटते. दुसऱ्यासाठी आजोबांच्या वह्या चाळाव्या लागतील.